मारुती आठशेचा कॅमशाफ्ट घरीच बदलायचा असंल तर

आमच्याकडं १९९७ ची आठशे आहे, कार्बोरेटरवाली. वडलांनी घेतलेली, त्यामुळं विकायचा विषय घरात निघत नाही. गेल्या वर्षी तिच्या इंजिनातनं टकटक चालू झाली, मेस्त्रीनं टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट) सेट करून दिले, आठ दिवसांत परत टकटक, परत सेट, परत तेच. तिसऱ्या खेपेला म्हटलं आपणच उघडून बघू, आणि टॅपेट कव्हर काढलं तर मधल्या सिलेंडरच्या एका कॅमचं नाक घासून गोल झालेलं (कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, कॅम म्हणजे त्याच्यावरचा उंचवटा, पण अख्ख्या दांड्यालाबी कॅमच म्हणतात), नख फिरवलं तर खाच लागत होती. अशा कॅमवर टॅपेट कितीबी सेट करा, चार दिवस गप्प बसतंय आणि परत वाजतंय.

तर पहिलं काम म्हणजे खात्री करणं. सगळे प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं, क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या खालच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला गोटी (सॉकेट) लावून सावकाश फिरवा आणि एकेक रॉकर (कॅमनं हलणारा, व्हॉल्व्ह दाबणारा हात) व्हॉल्व्हला किती खाली दाबतोय ते व्हर्नियरनं मोजा. ह्या इंजिनात ३ सिलेंडर आणि ६ व्हॉल्व्ह, म्हणजे सहाच मापं घ्यायची. इनटेकचं इनटेकशी, एक्झॉस्टचं एक्झॉस्टशी ताडून बघा, एखादा उघडच कमी दाबत असंल तर कॅम गेला. सगळे सारखे आले तर नुसते टॅपेट सेट करा आणि रविवार वाचवा.

सामान फार लागत नाही. १० ते १७ पर्यंतचे रिंग पाने, गोटी सेट, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (ठरल्या जोरानं आवळायचा; विकत नका घेऊ, लई महाग असतोय, कुणाचा तरी मागून आणा), नवीन कॅम, कॅमचं ऑईल सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑईल आणि फिल्टर. टायमिंग बेल्ट (क्रँकवरनं कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) किती चालला ते माहीत नसंल तर बेल्टबी नवीनच टाका, उघडलंयच तर. आणि रॉकर. हितंच लोक पैसे वाचवायला जातात. जुन्या रॉकरचं तोंड जुन्या कॅमबरोबर घासून त्याच्याच आकाराचं झालेलं असतं, ते नव्या कॅमवर बसवलं की नवा कॅमबी त्याच वाटेनं जातो. निदान ज्यांच्या तोंडाला खाच दिसतेय ते तरी बदलाच, मी सहाही बदलले.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा डबा, टॅपेट कव्हर, फॅन बेल्ट, क्रँक पुली, मग टायमिंग कव्हर, हे सगळं सरळ आहे, ह्यात चुकण्यासारखं काही नाही. बोल्ट मात्र एका पुठ्ठ्यावर भोकं पाडून ज्या जागेचे त्या जागी खोचून ठेवा. मी पहिल्या दिवशी सगळे एका वाटीत टाकले होते आणि संध्याकाळी वाटीकडं बघत बसलो.

आता खुणा. कॅमच्या पुलीवर एक खूण असते आणि तिच्यासमोर मागच्या पत्र्यावर एक, तसंच खाली क्रँकच्या दातेरी पुलीवर एक आणि तिच्यासमोर ऑईल पंपाच्या अंगावर एक. इंजिन फिरवून दोन्ही जोड्या समोरासमोर आणा आणि मोबाईलमध्ये फोटो काढा, वरनं, खालनं, तिरका, सगळीकडनं. डिस्ट्रीब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्याची) टोपी काढून आतला रोटर कुणीकडं बघतोय तिथंबी व्हाईटनरनं खूण करा. कॅमचा बोल्ट बेल्ट काढायच्या आधी ढिला करताना सगळा जोर बेल्टवर येऊ देऊ नका, पुलीला जुन्या बेल्टचा तुकडा गुंडाळून पकडीनं आवळून धरा आणि मग पाना मारा. पुलीच्या मागं बारकी पिन असते, ती घरंगळली की अंगण झाडायला लागतंय. एकदा बेल्ट निघाला की क्रँक किंवा कॅम उगाच फिरवायचा नाही, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते.

पेट्रोल पंप कॅमवरच चालतो म्हणून तो आणि त्याचा दांडा आधी काढा, पाईपातनं पेट्रोल सांडतं, तेव्हा त्या वेळी जवळ कुणी बिडी घेऊन बघायला उभा राहिला तर त्याला आधी लांब पाठवा (आमच्या गल्लीत बॉनेट उघडलं की पाच जण जमतातच). मग डिस्ट्रीब्युटर आणि त्याचं घर काढायचं, खाली भांडं धरा, आतनं थोडं ऑईल येतं.

रॉकर काढताना आधी सगळ्या टॅपेटचे नट आणि स्क्रू ढिले करून घ्या म्हणजे स्प्रिंगचा दाब जातो. मग शाफ्टचे स्क्रू काढा आणि शाफ्ट हळूहळू ओढा, एकेक रॉकर, एकेक स्प्रिंग सुटत येते, ती त्याच क्रमानं कापडावर मांडत जायची. दोन्ही शाफ्ट बघायला सारखेच दिसतात, त्यामुळं इनटेकचा कुठला आणि त्याचं कुठलं तोंड कुणीकडं होतं हे चिकटपट्टीवर लिहून लावा. एवढं झालं की कॅम गिअरबॉक्सच्या बाजूनं बाहेर येतो. फिरवत फिरवत, दोन्ही हातांनी तोलून काढा. कॅम अॅल्युमिनियमच्या हेडमधल्या भोकांतच फिरतो, वेगळं बेअरिंग नाही, त्यामुळं कॅमची धार तिथं घासली तर हेडचं नुकसान. कामाचा हा भाग खरं तर दहा मिनिटांचा आहे.

आणि आता लोक जे करत नाहीत ते. कॅम घासला का? कारण शोधल्याशिवाय नवीन बसवायचा नाही. रॉकर शाफ्ट आतनं पोकळ असतो, त्यातनं ऑईल येतं आणि बारक्या भोकांतनं रॉकरला मिळतं. माझ्या शाफ्टमध्ये बारीक तार घातली तर काळा, डांबरासारखा गाळ निघाला, एक भोक तर पूर्ण बुजलेलं आणि ते नेमकं त्याच घासलेल्या कॅमच्या वरचं! ऑईल वेळेवर न बदलल्याचा हा प्रताप, म्हणजे दोष आमच्याच घरचा. शाफ्ट डिझेलमध्ये रात्रभर भिजवला, तार आणि हवा मारून सगळी भोकं आरपार दिसेपर्यंत साफ केला. हेडमधली ऑईलची वाटबी तशीच साफ करा, पण गाळ आत ढकलू नका.

नवीन कॅमबी डोळे झाकून घेऊ नका. कोल्हापुरात ह्याची चैन आहे, उद्यमनगरात लेथवाल्याकडं गेलं की व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून तो दोन मिनिटांत वाकडेपणा सांगतो, ०.१० मिलीमीटरच्या वर गेला तर परत करायचा. जुना कॅमबी बरोबर न्या, दोन्हींची उंची मायक्रोमीटरनं शेजारी शेजारी मोजून बघा.

बसवताना कॅमच्या नाकांना आणि गोल भागांना भरपूर ऑईल चोळा, ठणठणीत कोरडा कॅम पहिल्या मिनिटातच चरतो. सील नवीन, त्याच्या ओठाला ऑईल, मापाच्या गोटीनं सरळ ठोकत बसवा. रॉकर, शाफ्ट, डिस्ट्रीब्युटरचं घर (त्यात थोडं ताजं ऑईल ओता), पंप, सगळं उलट्या क्रमानं. कॅमच्या पुलीचा बोल्ट ५० ते ६० न्यूटन मीटरला आवळा.

बेल्ट टाकताना माझी चूक सांगतो. खुणा जुळवल्या, बेल्ट घातला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) आवळला, गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली, आणि मी खुश होऊन थेट जोतिबाला निघालो. घाट चालू झाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ढिम्म! मागनं एसटी हॉर्न मारतेय, मी पहिल्यात टाकून कसाबसा वर. परत येऊन उघडलं तर बेल्ट एक दात चुकलेला. झालं असं की आवळायच्या आधी मी इंजिन फिरवून बघितलंच नव्हतं. तर टेन्शनर ढिला ठेवून, त्याच्या स्प्रिंगला बेल्ट ताणू देऊन, क्रँक सरळ दिशेनं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, मग टेन्शनर आवळायचा आणि परत चारही खुणा बघायच्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, म्हणून दोन. एका दातानं हुकलं तरी परत काढा.

मग टॅपेट. थंड इंजिनावर ०.१५ मिलीमीटर, दोन्हीकडं, फिलर गेज किंचित अडकत सरकला पाहिजे. फायरिंग १-३-२ आहे, ज्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असून पिस्टन वर आहे त्याचेच सेट करा आणि क्रँक २४० अंश फिरवून पुढच्यावर जा. (१२ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या आठशेला ही मापं लावू नका.)

चालू केल्यावर नुसती आयडलला ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटं जरा रेस धरून ठेवा म्हणजे वर ऑईल नीट पोचतं. टायमिंग गन (ठिणगीची वेळ बघायचा दिवा) असंल तर डिस्ट्रीब्युटर तेव्हाच सेट करून घ्या. ५०० किलोमीटरला ऑईल बदला, टॅपेट परत एकदा बघा. माझे तेव्हा दोन जरा ढिले निघाले, ते केले आणि मग परत जोतिबा, ह्या वेळी दुसऱ्यातच वर.