लहान क्लॅम जगवायचा तर आधी त्याचा पाय सांभाळा

प्रवाळाच्या टाकीसाठी ट्रायडॅक्ना क्लॅम (दोन शिंपल्यांचा समुद्री जीव) निवडताना नजर जाते ती त्याच्या शिंपल्याबाहेर पसरणाऱ्या मांसल, निळ्या-हिरव्या झालरीवर. तो जगणार की नाही हे मात्र बहुतेक वेळा खालच्या बाजूला ठरते. शिंपल्याच्या बिजागरीजवळ एक फट असते. तिच्यातून क्लॅमचा पाय बाहेर येतो आणि बारीक, चिवट धाग्यांनी खडकाला धरून बसतो. धागे तुटले तर नवे येतात. ते जिथून निघतात ती ग्रंथी ओढली गेली, तर वरून टवटवीत दिसणारा क्लॅमही काही दिवसांत जातो. म्हणून घेताना तो उलटा करून दाखवायला सांगा. फटीतून मांस लोंबत असेल किंवा पाय फाटलेला दिसला, तर कितीही सुंदर असला तरी घेऊ नका. खडकाला चिकटलेला क्लॅम कधी उपटू नका. धारदार पाते खडकाला टेकवून धागे अगदी बुडाशी कापा.

5 सेंटिमीटरहून लहान क्लॅम स्वस्त मिळतो, पण सांभाळायला तोच सर्वांत अवघड. पहिल्यांदाच पाळत असाल तर 7–8 सेंटिमीटरचा डेरासा जातीचा क्लॅम घ्या. त्याला प्रकाश तुलनेने कमी पुरतो आणि तो वाळूवरही राहतो. फक्त तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे पुढे मोठी टाकी लागेल हे धरून चला. मॅक्सिमा आणि क्रोसिया या जातींचे क्लॅम खडकावरचे, आणि प्रकाशाला जास्त हावरे.

कागदपत्रांशिवाय व्यवहार करू नका. ट्रायडॅक्नाच्या साऱ्या जाती साइटीज या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या जातींना भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 चे संरक्षण आहे, त्यामुळे लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रातून उचललेला क्लॅम कोणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा. परदेशात टाकी असेल तर शेतीत वाढवलेलाच मागा. डेरासाची अशी शेती पलाऊसारख्या बेटांवर होते.

टाकी आणि पाणी

टाकी किमान 6 महिने जुनी हवी. तापमान 25–26 अंश, क्षारता (खारेपणा) 35 पीपीटी, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच टिकवून धरण्याची क्षमता) 8–9 डीकेएच, कॅल्शियम 420–450 पीपीएम, मॅग्नेशियम 1300–1400. आकडा गाठण्याइतकेच तो स्थिर राहणे महत्त्वाचे. क्लॅम शिंपला बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सतत ओढून घेतो. तो आल्यावर आठवडाभर अल्कलिनिटी रोज एकाच वेळी मोजा आणि जेवढी घटते तेवढीच भरपाई करा.

नायट्रेट शून्यावर आणू नका. झालरीतल्या सूक्ष्म शैवालाला नायट्रोजन लागतो, आणि अति स्वच्छ पाण्यात क्लॅम फिकट पडत जातो. 2–10 पीपीएम नायट्रेट चांगले. आरओडीआय (क्षार आणि अशुद्धी काढून टाकलेले) पाणीच वापरा. तांबे असलेले औषध या टाकीत कधीही घालू नका.

टाकीत सोडताना

पिशवी 20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग तासभर थेंब-थेंब पाणी सोडून सवय करा. पाण्याखाली गेल्यावर क्लॅम हळूच कलता करून आत अडकलेली हवा निघू द्या. वाळूवर ठेवायचा असला तरी खाली एखादा चपटा दगड किंवा उथळ शिंपला द्या. क्लॅम त्याला पकडतो, आणि पुढे हलवायची वेळ आली तर दगडासकट उचलता येतो. प्रवाह मंद, थेट अंगावर न येणारा. झालर दुमडत असेल तर प्रवाह जास्त आहे.

पहिला आठवडा 100–150 पार (शैवालाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) प्रकाशात ठेवा. मग तीन आठवड्यांत डेरासाला 200च्या आसपास, मॅक्सिमा-क्रोसियाला 300च्या पुढे न्या. घाईने वर चढवलेला क्लॅम पांढरा पडतो.

खाणे

मोठा क्लॅम बराचसा प्रकाशावर जगतो. लहानाला पाणी गाळून मिळणारे अन्नही बरेच लागते, आणि बऱ्याच टाक्यांत तो हळूहळू उपाशी मरतो. 5 सेंटिमीटरखालच्याला जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल) आठवड्यातून 3–4 वेळा, 100 लिटरला 5 मिलीपासून सुरू करा. तेव्हा तासभर स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद. नायट्रेट, फॉस्फेट चढू लागले तर मात्रा कमी करा.

रोज काय पाहावे

टाकीसमोर हाताची सावली पाडा. निरोगी क्लॅम झटकन झालर आत घेतो, कारण तिच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. तो दाद देत नसेल, आत पाणी घेणारे छिद्र तोंड वासल्यासारखे उघडे असेल, तर तापमान, क्षारता, अल्कलिनिटी लगेच मोजा. शिंपल्याच्या वरच्या कडेला नवी पांढरी रेघ दिसली की तो वाढतोय हे नक्की.

आठवड्यातून एकदा दिवे विझल्यावर तासाभराने टॉर्च घ्या. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, पांढऱ्या टोकदार गोगलगाई शिंपल्याच्या कडेला किंवा पायाच्या फटीपाशी दिसल्या तर त्या पायरॅमिडेलिड. त्या सोंड खुपसून क्लॅमचा रस शोषतात, आणि लहान क्लॅमला मारायला मूठभर गोगलगाई पुरेशा होतात. मऊ टूथब्रशने शिंपला घासा. त्यावरची जेलीसारखी अंडीही काढा, नाहीतर काही दिवसांत नवी फौज तयार. किमान सहा आठवडे तपासणी सोडू नका. सिक्सलाइन रास मासा या गोगलगाई खातो, पण त्याच्या भरवशावर ब्रश ठेवून देऊ नका.

झालर एका बाजूने चिमटल्यासारखी आखडत असेल तर आधी प्रवाह आणि गोगलगाई तपासा, झालर टोचणारा मासा आहे का ते पाहा. एंजल, बटरफ्लाय, ट्रिगर, पफर या टाकीत नकोतच. गोड्या पाण्यातली 20–30 मिनिटांची आंघोळ हा पाळणाऱ्यांमध्ये रूढ उपाय आहे, पण पाण्याचे तापमान आणि पीएच टाकीइतकेच हवे, आणि अशक्त, लहान क्लॅमला तो झेपेलच असे नाही. तो शेवटी ठेवा.

स्पर्श करूनही शिंपला मिटत नसेल आणि मांस सुटू लागले असेल, तर त्याच तासात बाहेर काढा. लहानसा मेलेला क्लॅमही छोट्या टाकीत अमोनिया चढवतो. 20–25 टक्के पाणी बदला, फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कार्बन घाला, दुसऱ्या दिवशी अमोनिया पुन्हा मोजा.