नागपूरहून इंग्लंडला येताय? 'मिल' आणि 'मील' आधी वेगळं करा

नागपूरहून इकडे नवीन येणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं असते, ॲक्सेंटच्या मागे लागू नका, गोऱ्यांसारखं बोलायची काही गरज नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. जीपीच्या, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवर 'मी इथे राहतो' सांगताना 'लिव्ह'चं 'लीव्ह' झालं की समोरच्याला वाटते हा तर सोडून चालला, आणि फार्मसीत 'पिल' मागताना 'पील' म्हटलं तर ती गोळी नाही राहत, साल होते.

हे काहून होते पहा. मराठीत गरीब, वकील, माणूस, फूल अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इ-उ आपण दीर्घ करतो, आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, गरिबाला, फुलाला. शाळेत हा नियम शुद्धलेखनाचा म्हणून शिकलो पण जिभेलाही तीच सवय आहे, म्हणून इंग्रजीतला छोटासा शब्द आला की ती आपोआप ओढते.

पण आपल्या नागपूरवाल्यांजवळ हिंदी आहे ना! १९५६ पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, आजही बर्डीच्या बाजारात अर्धी खरेदी हिंदीतच होते. हिंदीत 'दिन' वेगळा, 'दीन' वेगळा. 'उससे मिल' मधला मिल म्हणजे जवळपास जसाच्या तसा इंग्रजी कारखान्याचा मिल, आणि मैलाला हिंदीत मील म्हणतात तो इंग्रजीतल्या जेवणाचा मील. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली आपली एम्प्रेस मिल मराठीत बोलताना मात्र सहज 'मील' होऊन जाते. म्हणून इंग्रजी बोलताना हिंदीचा 'दिन' आठवा, आणि उ साठी 'सुन', तोच 'फुल'चा उ, भरलेल्याचा. तो ओढला की 'फूल', म्हणजे मूर्ख.

नुसतं लांब-आखूड करूनही भागत नाही बरं का. इंग्रजीत ट च्या आधी स्वर आखडतो आणि ड च्या आधी लांबतो, म्हणून बीटरूटच्या 'बीट'चा ई आणि लिलावातल्या 'बिड'चा इ वेळेत फार लांब-आखूड नसतात, फरक तोंडाच्या ठेवणीत असतो. दीर्घ ई ला ओठ ताणलेले आणि जीभ वर, ऱ्हस्वला सगळं सैल. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर एकेक शब्द बोलून पहा, काय टाइप होते त्यावरून पुष्कळ कळते.

स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका, दोन ओ असून फूड, मून, स्कूल दीर्घ आणि गुड, बुक, फुट ऱ्हस्व, ते पाठच करावं लागते.

लेकरं शाळेत असतील तर अजून एक घोळ आहे. तिथे 'लाँग व्हॉवेल' म्हणजे अक्षराचं स्वतःचं नाव, हॅटला शेवटी ई लावला की हेट, बिटचं बाइट, हॉपचं होप. हे स्वर एकेकाळी खरंच नुसते लांब होते, साधारण १४०० ते १७०० च्या काळात त्यांचे उच्चारच सरकले पण नाव तेच राहिलं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयरच्या मुलांची फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून शब्द वाचण्याची, चाचणी होते, त्यामुळे हे घरी येणारच, तेव्हा आपला ऱ्हस्व-दीर्घ त्यात मिसळून त्या लेकराला गोंधळात टाकू नका.

आणि मँचेस्टर, लीड्सकडे नोकरी लागली तर 'बस' तुम्हाला 'बुस'सारखी ऐकू येईल, 'बाथ'चा आ तिकडे आखूड ॲ होतो. ते चूक नाही, तिकडे तसंच बोलतात, तुमचं तुम्ही बदललं नाही तरी चालते.