मोठ्या बोअरची लिव्हर-ॲक्शन रायफल: किंमत वसूल होते का, हे कसे ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात परवानाधारकांकडे बहुधा बारा बोअरची दुनळी किंवा ठासणीची बंदूक असते. क्वचित एखाद्या जुन्या देसाई वा इनामदार घराण्यातली परदेशी रायफल विक्रीस निघते, आणि ती जर विंचेस्टर किंवा मार्लिन या अमेरिकी कंपन्यांची, चापाभोवतीचा लिव्हर खाली ओढून काडतूस चढवायची, मोठ्या बोअरची म्हणजे रुंद नळीची असेल, तर मालक सांगेल तो भाव अशी स्थिती होते. अशा वेळी घेणाऱ्याने किंमत सर्वांत शेवटी पाहावी. आधी काडतूस, मग परवाना, मग रायफलीची प्रत्यक्ष अवस्था, या क्रमाने गेल्यास बरेच व्यवहार पहिल्याच पायरीवर मिटतात, आणि ते तिथेच मिटलेले बरे.

भाव इतका का चढतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत रुगर कंपनीने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतली आणि पुढच्या वर्षी .४५-७० या मोठ्या बोअरच्या काडतुसाची पहिली रायफल बाजारात आणली, तेव्हा तिची छापील किंमत सुमारे १,४०० डॉलर होती. म्हणजे ती तिकडेही स्वस्त नाही, पण आवाक्याबाहेरचीही नाही. आपल्याकडे मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांची सवलत वेगळी. त्याआधी देशात आलेली थोडीशी शस्त्रेच या हातातून त्या हातात फिरत असल्यामुळे आपण मोजतो ते पैसे कारागिरीचे कमी आणि दुर्मिळतेचे जास्त असतात.

आता काडतूस. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची ‘शक्तिमान’ आणि .३१५ ची काडतुसे तयार होतात. .४५-७०, .४४४ मार्लिन किंवा .४०५ विंचेस्टर यांची काडतुसे आपल्या सरकारी कारखान्यांत बनत नाहीत. विक्रेता रायफलीबरोबर जुन्या काडतुसांचा डबा देऊ लागला, तर एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहावे. पितळेवर हिरवट कळंक, तोंडाशी बारीक चीर किंवा बुडाच्या टोपीभोवती (हिच्यावर आघात झाला की दारू पेटते) गंज दिसल्यास त्या डब्याची किंमत शून्य धरावी. रिकाम्या काडतुसात घरी दारू भरण्याचा सल्ला काही जण देतात, पण परवान्याशिवाय तसे करणे कायद्याच्या दृष्टीने दारूगोळ्याची निर्मितीच ठरते. शिवाय .४५-७० हे काडतूस मुळात १८७३ मधले, कमी दाबाच्या रायफलींसाठी आखलेले आहे. आजची जोरदार भरणीची काडतुसे शंभर वर्षांच्या रायफलीत घालणे जिवावर बेतू शकते.

या रायफलीची गोळी जड आणि संथ असते. शंभर यार्डांवर नेम बसवला, तर दोनशे यार्डांवर ती फूटभर किंवा त्याहून अधिक खाली जाते. नळीखालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या नळकांड्यात, ती एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून आतच स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून सहसा चपट्या तोंडाची गोळी वापरावी लागते. विंचेस्टरचे १८९५ चे मॉडेल याला अपवाद आहे, कारण त्याला पेटीचे मॅगझिन आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेत नेलेली .४०५ ची रायफल तीच. थोडक्यात, जवळच्या अंतरावर मोठे जनावर पाडणे हे या हत्याराचे काम, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम आपल्याकडे उरलेले नाही. भीमगड अभयारण्याच्या कडेने भातात उतरणारा गवा त्या कायद्याच्या पहिल्या, सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, आणि रताळी उकरणाऱ्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. पीकसंरक्षणाचा परवानाही ठासणीच्या, किंवा ती अपुरी ठरल्यास दुसऱ्या बिनखाचांच्या नळीच्या बंदुकीसाठी मिळतो. त्यावर खाचांच्या नळीची रायफल बसत नाही. कोडगूमधील कोडवा समाजाला शस्त्रपरवान्यातून असलेली सूट संपूर्ण कर्नाटकाला आहे, असा समज आपल्याकडे कोणी करून घेऊ नये.

इतके होऊनही इच्छा शिल्लक असेल, तर रायफल हातात घ्यावी. प्रथम लिव्हर पूर्ण खाली ओढून आत काडतूस नाही, हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावे. घोडा अर्धा मागे ओढून अर्ध्या खाचेवर अडकवावा आणि अंगठ्याने पुढे दाबावा. तो निसटला तर ती रायफल धोकादायक आहे. बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता पोलादी ठोकळा, बंद असताना हलतो का, हे पाहावे. मग नळीचे तोंड भिंगातून निरखावे. जुन्या विंचेस्टरची मागची बाजू बंद असल्यामुळे सफाईची सळई पिढ्यानपिढ्या तोंडाकडूनच घातली जाते, त्यामुळे तिथली कड एका बाजूला झिजते आणि आतल्या खाचा कितीही चकचकीत असल्या तरी नेम बिघडतो. मार्लिनचा लिव्हर एक स्क्रू काढून सुटतो आणि बोल्ट मागे निघतो, म्हणून तिची सफाई मागून करता येते. माझ्या मते दोन्हींत निवड असेल, तर एवढ्या एका कारणासाठी मार्लिन घ्यावी. कणकुंबीच्या बाजूच्या पावसात महिनोन्महिने कापडी खोळीत राहिलेल्या नळीत खड्डे पडलेले असतात. लाकडी दस्त्याला, पोलादाला भिडतो तिथे, केसासारखी चीर आहे का, तेही पाहावे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असल्या, तर कोणीतरी अर्धवट जाणकाराने ती उघडलेली आहे.

कागदपत्रांत नळीवरचा बोअर आणि क्रमांक विक्रेत्याच्या परवान्याशी जुळले पाहिजेत. आपल्या परवान्यावर रायफलीची नोंद हवी, आणि शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, हे लक्षात ठेवावे. सीमाभागातल्यांनी परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की संपूर्ण भारतासाठी वैध आहे, हे आवर्जून वाचावे. दुरुस्तीसाठी कोल्हापूरला जाताना कोगनोळी ओलांडली की कर्नाटकापुरता परवाना निरुपयोगी ठरतो. खाजगी विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबणे बंधनकारक आहे.

घराण्यात आधीपासून असलेली रायफल राखण्याचा प्रश्न निराळा आहे. मालकाला ७० वर्षे पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देता येतो, आणि अशी रायफल सांभाळण्यावर खर्च करणे योग्यच आहे. बाहेरून विकत घेणाऱ्याने मात्र यंत्राचा खरा नाद असेल आणि वापरण्याजोगी काडतुसे हाती येणार असतील तरच पुढे जावे, एरवी ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल किंवा चांगली दुनळी घ्यावी. विसार देताना ‘परवान्यावर नोंद न झाल्यास रक्कम परत’ ही अट कागदावर लिहून घ्यावी.