किडनीचा आजार आणि मधल्या वेळचं खाणं: या चुका टाळा

वडा-सामोसा टाळायचा हे किडनीच्या पेशंटला वेगळं सांगावं लागत नाही. घोळ होतो तो ‘पौष्टिक’ म्हणून हातात ठेवलेल्या खाण्याने: शहाळं, केळं, खजूर, चिक्की. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, मध्यम केळ्यात ४००. रक्तातलं पोटॅशियम आधीच चढलेलं असेल, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सफरचंद, पेअर, अननसाच्या दोन-तीन फोडी त्या मानाने सोप्या. उलट, पोटॅशियम नॉर्मल असताना कुणाचं तरी ऐकून सगळी फळं बंद करू नका. पथ्य ताजा रिपोर्ट बघून ठरवायचं.

कमरख मात्र अजिबात नको. आडवं कापल्यावर चांदणी दिसते ते फळ. त्यातलं विषारी द्रव्य कमजोर किडनी बाहेर टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, बरळणं, झटके, कधी मृत्यूही. सरबत-लोणचंही त्यातच आलं.

मिठाच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सैंधवही शेवटी मीठच, सोडियम जवळजवळ तेवढंच. दिवसभरात सगळं धरून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम, ही नेहमीची मर्यादा. पापड तळा नाहीतर भाजा, मीठ आणि पापडखार तिथेच राहतो. डायालिसिसवर असाल तर खारट खाल्लं की तहान लागते, आणि पुढच्या खेपेपर्यंत वजन चढतं.

पाकिटावरचा सोडियमचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो. ८०० लिहिलंय आणि पाकीट ४० ग्रॅमचं, तर पोटात ३२० गेले. घटकांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर ते फॉस्फेट, म्हणजे वरून घातलेलं फॉस्फरस; किडनीच्या आजारात तेही जपायचं. डाळी-दाण्यांतलं फॉस्फरस शरीर अर्धंमुर्धंच शोषतं, हे वरून घातलेलं जवळजवळ सगळं. काळी कोला आणि प्रोसेस्ड चीज इथेच अडकतात.

साबुदाणा बिचारा निरुपद्रवी. खिचडीत अडचण दाण्याच्या कुटाची आणि बटाट्याची. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. नुसता भिजवून फारसं पोटॅशियम जात नाही.

संध्याकाळी दोन मुठी बिनमिठाचे चुरमुरे घ्या. त्यात कांदा, काकडी, हिरवी मिरची, लिंबू आणि अर्धा चमचा तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. शेव, दाणे, खजुराची चटणी नाही. काकडी आयत्या वेळी घाला, नाहीतर चुरमुरे मऊ पडतात आणि मग मीठ मागावंसं वाटतं.

मधुमेहही असेल आणि साखर उतरली, तर संत्र्याचा रस नको. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी परत तपासा.