मंडळीच्या उपासनेत सेवेची वाटणी कशी करावी

रविवारच्या उपासनेची तयारी गीते निवडण्यापासून सुरू करण्याची आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत पद्धत आहे. त्याऐवजी कोणते काम कोण करणार हे आधी ठरवावे. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा फिरता तंबू, हलवताना लेवी वंशातील कहाथींनी पवित्र वस्तू, गेर्षोनींनी पडदे आणि मरारींनी फळ्या व खांब वाहावेत, असे घराण्यागणिक नेमून दिले आहे. सातव्या अध्यायात गेर्षोनींना २ गाड्या व ४ बैल, जड सामानाच्या मरारींना ४ गाड्या व ८ बैल मिळाले. कहाथींना एकही गाडी मिळाली नाही, कारण त्यांचे ओझे खांद्यावरूनच न्यायचे होते. म्हणून कामाबरोबर साधनही द्यावे. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात पाण्याची जबाबदारी एका घरावर टाकून खर्चही त्याच घराने सोसावा, अशी अपेक्षा ठेवणे ही वाटणी नव्हे.

झाडलोट, सतरंज्या, शास्त्रवाचन, पेटी-ढोलकी, मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी अशी कामे वहीत लिहून प्रत्येकापुढे दोन वेगवेगळ्या घरांतील नावे घालावीत. बीड-जालन्याकडील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; त्यांची नावे खोडू नयेत, जोडीदाराने काम चालवावे. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवता येते. बायबलमधील पहिला इतिहास, अध्याय २५ मध्ये २८८ गायकांच्या २४ पाळ्या लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्यांनीच ठरल्या. मात्र ते सगळे गायनात तरबेज होते, हेही तिथेच लिहिले आहे. चिठ्ठीने पाळी ठरते, तयारी होत नाही.

सर्वाधिक काळजी सहभोजनाची घ्यावी. करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीत काही जण आधीच जेवून घेत, काही उपाशी राहत, आणि प्रेषित पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबण्यास सांगितले (१ करिंथ ११). सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीत मजुरीवर गेलेली माणसे दिवस मावळल्यावर येतात, तेव्हा त्या दिवसांत उपासनाच संध्याकाळी ठेवावी आणि ती माणसे हातपाय धुऊन बसेपर्यंत पंगत वाढू नये. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेले ताट हा पर्याय नव्हे. घरोघरचे डबे आणण्यापेक्षा पीठ व डाळ गोळा करून एकत्र स्वयंपाक करावा, म्हणजे कोणाच्या डब्यात काय आहे याकडे नजर जाणार नाही.

वाढणे हे बायकांचे काम, असे मानणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाचावा: पंगतीच्या सेवेसाठी निवडलेले सातही जण पुरुष होते आणि त्यांच्याकडून सुज्ञता व चांगल्या नावाची अपेक्षा होती. ग्रीक भाषिक विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, ही मूळ तक्रार. निवडलेल्यांची नावेही ग्रीकच आहेत. आपल्या मंडळीत एखाद्या वस्तीला मदत पोहोचत नसल्याची तक्रार आली, तर वाटपाची वही आणि कोठीची किल्ली त्याच वस्तीतील विश्वासू माणसांकडे द्यावी.

दान मोजायला पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, एकटे बसवू नये. यरुशलेमेसाठीच्या वर्गणीबाबत कोणी बोट ठेवू नये म्हणून पौलानेही सोबत मंडळ्यांनी नेमलेला भाऊ घेतला होता (२ करिंथ ८). दोघांनी रक्कम मोजून तिथेच सह्या कराव्यात आणि पुढच्या रविवारी जमा-खर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा.