फूड प्रोसेसरमध्ये कांद्याचा लगदा होतोय? या चुका टाळा

"ताई, आमचं पातं बोथट झालंय हो, कांद्याचं नुसतं पाणी होतंय." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पातं बघायलासुद्धा मागत नाही. आधी विचारते, बटण किती वेळ चालू ठेवलं होतंस? "असेल मिनिटभर." मिनिटभर म्हणजे फारच झालं. कांद्याला सात-आठ सेकंद पुरतात आणि तेही सलग नाहीत.

पातं भांड्याच्या तळाशी फिरतं. तळातल्या फोडी चिरल्या जातात, वरच्या नुसत्या गरगरत राहतात. यंत्र थांबलं की त्या खाली येतात आणि मग त्यांची पाळी लागते. न थांबता फिरवलंत तर खालचा कांदा वाटला जातो आणि वर अख्खी फोड तशीच राहते. पल्सचं बटण त्यासाठीच आहे. सेकंदभर धरायचं, सोडायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग पुन्हा. मी मनात "धर, सोड" म्हणत सहा-सात वेळा करते.

नात्यातल्या एका डोहाळजेवणाला चाळीस माणसांची पावभाजी ठरली होती. तीन किलो कांदा. घरातल्या एका मुलीने कांदे अर्धे कापून भांडं काठोकाठ भरलं, यंत्र चालू केलं आणि टोमॅटो धुवायला गेली. मी पोचले तेव्हा परातीत पांढरा, फेसाळ लगदा आणि वर बोटभर पाणी. कढईत टाकला तर पाऊण तास नुसता रटरटत राहिला, रंग काही येईना. चव घेतली तर कडवट. कांदा जितका ठेचला जातो तितका त्याचा रस सुटतो आणि तो उग्र होतो. मग वरून कितीही लोणी घाला, ती चव जात नाही. शेवटी आम्ही तिघीजणी विळ्या घेऊन बसलो आणि नवा कांदा चिरला. जेवणं साडेनऊला झाली. जिच्यासाठी एवढं चाललं होतं ती सातव्या महिन्याची पोर भुकेली ताटकळली, याचं मला अजून वाईट वाटतं. पाच मिनिटं वाचवायला गेलं की असे दोन तास जातात.

तेव्हा कांद्याच्या चार फोडी करा, मोठा असेल तर आठ, पण सगळ्या सारख्या. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. मध्ये एकदा झाकण उघडून कडेला चिकटलेलं खाली ढकला. आणि भजीसाठी उभा कांदा हवा असेल तर या पात्याकडे जाऊच नका. काप करायची चकती लावा, नाहीतर सरळ विळीवर चिरा.

दुसरी चूक दाण्याच्या कुटाची. दाणे भाजले, सालं कशीबशी पाखडली आणि कोमट असतानाच भांड्यात. गरम दाण्याला तेल पटकन सुटतं, कूट ओलसर होऊन पात्याखाली थापलं जातं आणि साबुदाण्याच्या खिचडीत त्याचे गोळे येतात. मी दाणे ताटात पसरून तासभर विसरून जाते. मग मूठभर हातात धरून बघते. जराही ऊब लागली तर अजून थांबते. फिरवतानाही पल्सच. मध्येच भांड्याच्या कडेवरचं कूट चिमटीत चोळून पाहा. बोटं तेलकट झाली की तिथेच थांबा. दाण्याचे लाडू वळायचे असतील तर मात्र हे सुटलेलं तेल हवंच असतं.

बाकीचं थोडक्यात. कोथिंबीर धुतल्याबरोबर टाकू नका, काळपट चिखल होतो. फडक्यावर पसरून पंख्याखाली कोरडी होऊ द्या. हलव्याच्या गाजराला पातं नको, किसायची चकती हवी; पात्याने चुरा होतो, किस नाही. कणकेसाठी मळायचं वेगळं पातं येतं, ते लावा आणि पाणी थोडं थोडं सोडा. हळकुंड, सुंठ, सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी यात घालू नका. उकळता टोमॅटोही नको, वाफेने झाकण उडतं. आणि पातं दांड्यावर नीट बसवल्याशिवाय जिन्नस घालायचेच नाहीत. बरेचजण आधी भांडं भरतात आणि मग पातं आत खुपसतात. ते अर्धवट बसतं, खडखडतं, मग दोष यंत्राला.

पातं धुण्याबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. साबणाच्या फेसात बुडवून ठेवलेलं पातं दिसत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा अंगठा असाच कापला, तीन टाके पडले. चूक माझी होती, पातं सिंकमध्ये मीच टाकलं होतं. तेव्हापासून ते मी स्वतः धुते. काम झाल्याबरोबर वरच्या टोपीला धरून नळाखाली धरते, ब्रशने आतून बाहेर घासते, पुसते आणि वरच्या फळीवर वेगळ्या डब्यात ठेवते.