दोघांची नोकरी खाडीच्या दोन बाजूंना असेल तर घर कुठे घ्यावं?

एकाचं ऑफिस मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), दुसऱ्याचं नवी मुंबईत ऐरोलीत किंवा महापेत. दोन्हींच्या मधोमध घर शोधायला गेलात तर मध्ये ठाण्याची खाडी येते. त्यामुळे किलोमीटर मोजत बसू नका. आधी एवढंच ठरवा: मूल खाडीच्या ज्या बाजूला राहील, त्याच बाजूला आईबाबांपैकी एकाचं ऑफिस आहे का? पाळणाघरातून भर दुपारी "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आला की पूल न ओलांडता पोचणारं कुणीतरी हवं. हा निकष लावला की जागांची यादी बरीच आटोपशीर होते.

मग पाहायचं, ज्याला ओलांडायची आहे तो खाडी कुठून ओलांडणार. वाशीला रस्ता आणि रेल्वे दोन्ही आहेत, आणि हीच तिथली खरी किंमत. पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या तरी मानखुर्द ते वाशी लोकल आठ-दहा मिनिटांत जाते. लोकल बंद पडली तर बस-टॅक्सी आहे. ऐरोलीचा पूल फक्त रस्त्याचा. तिथला रेल्वेचा पर्याय म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर कारला टोल नाही, त्यामुळे वाशी आणि ऐरोलीत आता खर्चापेक्षा वेळेचाच हिशेब.

अटल सेतू (शिवडीहून नवी मुंबईकडे जाणारा समुद्रावरचा पूल) जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि नवी मुंबईतल्या उलव्याच्या जाहिरातींत "शिवडी वीस मिनिटांवर" आलं. शिवडीपर्यंत खरंही आहे, पण ऑफिस शिवडीला नसतं. कारचा टोल सुरुवातीला एकेरी २५० रुपये आणि परतीसह ३७५ असा ठरला. महिन्याचे २२ दिवस धरले तर ८,२५० रुपये, पेट्रोल वेगळं. दुचाकीला या पुलावर बंदी आहे, म्हणजे स्कूटरवाल्याला वाशीचा वळसा. बामणडोंगरी आणि खारकोपर ही उलव्याची स्टेशनं उरण मार्गावर येतात. तिथून सीएसएमटीला जायचं तर नेरुळ किंवा बेलापूरला गाडी बदला. गाड्याही हार्बर मार्गाइतक्या (सीएसएमटी-वाशी-पनवेल) नाहीत. एक चुकली की मस्टर चुकलं. ऑफिस दक्षिण मुंबईत, रोजची कार आणि टोल परवडणारा असेल तरच उलवे. भाडं कमी दिसलं म्हणून जाऊ नका.

बीकेसी आणि ऐरोली या जोडीला आमच्या मते दोनच जागा नीट बसतात. पहिली ठाणे, स्टेशनपासून चालत. एकाला कुर्ल्यापर्यंत फास्ट लोकल, दुसऱ्याला ट्रान्स-हार्बर, आणि ती ठाण्याहूनच सुटत असल्याने बसायला मिळण्याची शक्यता बरी. मात्र घोडबंदर रोडचं घर म्हणजे ठाणे नव्हे. स्टेशनपर्यंतच्या रस्त्यातच दिवस संपतो. दुसरी वाशी-कोपरखैरणे. इथे मूल ऐरोलीवाल्याच्या बाजूला राहतं. मुलुंड पूर्व नकाशावर मोहक दिसतं, पण ऐरोलीला जायला रस्त्याचा पूल सोडून सरळ मार्ग नाही. पूल तुंबला की ठाण्याला जाऊन गाडी बदलायची.

फोर्ट आणि बेलापूर अशी जोडी असेल तर वाशी किंवा सानपाडा. सकाळी वाशीहून सुटणाऱ्या सीएसएमटी लोकल असतात. पनवेलहून येणारी गाडी वाशीला भरून येते. फर्स्ट क्लासचा पास काढूनही उभंच राहावं लागणार असेल तर सुटणारी गाडी पकडता येणं जास्त मोलाचं.

आता वेळ. ती पाळणाघर बंद होण्यापासून उलटी मोजायची. समजा वाशीतलं पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि मूल आणायचं काम बीकेसीवाल्याकडे आहे. टेबल सोडून गेटबाहेर पडायला १० मिनिटं, कुर्ल्यापर्यंत बस किंवा शेअर रिक्षा ३० (यातली निम्मी रांगेतच जातात), प्लॅटफॉर्म आणि गाडीची वाट १०, कुर्ला ते वाशी २५, स्टेशनवरून पाळणाघर १५. एकूण ९०. वर २० मिनिटं राखीव. म्हणजे पाच चाळीसपर्यंत टेबल सोडायला हवं. साडेपाचला मीटिंग लागणाऱ्या ऑफिसात हे जमत नाही, कितीही ठरवलं तरी. ऐरोलीवाल्याला तेच पाळणाघर वीसेक मिनिटांच्या लोकलवर आहे, पूल नाही. आणायचं काम त्याचं, सोडायचं बीकेसीवाल्याचं, अशी वाटणी करा आणि घर पाळणाघराच्या वाटेवर घ्या, उलट नको.

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असं मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलं. एचआरला विचारा, पण मूल गर्दीच्या लोकलमधून रोज न्यायचं का, हा प्रश्न उरतोच. पुलापलीकडचं ऑफिसचं पाळणाघर बहुतेकांना झेपत नाही.

जागा पक्की करण्याआधी प्रत्यक्ष वेळ मोजा. मंगळवार किंवा बुधवार निवडा, शनिवार-रविवार नको. रविवारी मेगाब्लॉकही (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) असतो. सकाळी जायची वेळ आणि संध्याकाळी सहा ते आठ, दोन्ही, दाराच्या कडीपासून ऑफिसच्या गेटपर्यंत. दलालाचं "स्टेशन पाच मिनिटं" म्हणजे बहुधा रिक्षाने, तेही रिक्षा लगेच मिळाली तर. जमलं तर एकदा जुलैत, मोठ्या भरतीच्या दिवशी. साडेचार मीटरच्या वर भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की हार्बरवर कुर्ला-चुनाभट्टी भागात पाणी भरून लोकल अडकतात. त्या दिवशी पलीकडचा माणूस घरी पोचणार नाही असंच धरून चाला. शेजारी किंवा नातेवाईक अशा एकाचं नाव, फोटो आणि नंबर पाळणाघरात आधीच लेखी देऊन ठेवा. फोनवर सांगून मूल कुणाच्याही हाती देणारं पाळणाघर असेल तर ते बदला.

लगेच विकत घेऊ नका. एक पावसाळा भाड्याने काढा. लिव्ह अँड लायसन्स करारात (भाडेकरारात) लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे ते वाचा. सहाच्या वर मान्य करू नका, कारण एकाची नोकरी बदलली तर खाडीची बाजूच बदलते. करार नोंदवलेलाच असू द्या. मुलाच्या शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून तोच पुढे करावा लागतो.